गलगंडाचे वैद्य : डॉ. थिओडोर कोखर

स्वित्झर्लंड देशाचें नांव काढिलें कीं, आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बर्फानें झांकलेलीं शिखरें, निळीं सरोवरें आणि उत्तम घड्याळें उभीं राहतात. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं त्या देशांत गेलेल्या प्रवाशास ह्या रम्य देखाव्याबरोबर दुसराहि एक देखावा पाहावा लागे. डोंगरांतील खेड्यांतून चालतांना ज्यांच्या गळ्यापुढें नारळाएवढी, कधीं त्याहूनहि मोठी गांठ लोंबत आहे अशीं माणसें त्यास वारंवार भेटत. कोठें एखाद्या घराच्या उंबरठ्यावर खुजें, सुजलेल्या तोंडाचें, बोलतां न येणारें एक मूल बसलेलें दिसे, आणि विचारपूस करितां तें मूल नसून पंचवीस वर्षांचा मनुष्य आहे असें कळे. पहिल्या रोगास आपण गलगंड म्हणतों. दुसऱ्या प्रकारच्या माणसांस तिकडे क्रेटिन म्हणत. हा शब्द ख्रिस्ती ह्या अर्थाच्या शब्दाचाच अपभ्रंश आहे, असें भाषाकोविद सांगतात. हींहि देवाचींच लेंकरें, जनावरें नव्हेत, असें सुचविण्यासाठीं कोणा दयाळू मनुष्यानें तो प्रथम वापरला असावा. पुढें मात्र तोच शब्द शिवी होऊन बसला!

ज्यांचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकासाठीं निवडलें आहे, ते डॉ. थिओडोर कोखर ह्याच गलगंडाच्या देशांत जन्मले आणि गलगंडावरील शस्त्रक्रियेनेंच जगांत प्रसिद्धि पावले. दवाखान्यांत शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तवाहिनी दाबून धरण्याचा जो दांतेरी चिमटा वापरतात, त्यास आजहि त्यांचेंच नांव आहे. तथापि त्यांच्या हस्तकौशल्याची स्तुति करण्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत नाहीं. कीर्तीच्या भर रंगांत असतां त्यांस एक भयंकर गोष्ट कळून आली आणि ती कळल्यावर ते कसे वागले, हें मुख्यत्वें सांगावयाचें आहे. ह्या निवडीस आमचें एक खासगी कारणहि आहे; तें योग्य ठिकाणीं सांगूं.

कोखर ह्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजीं बर्न शहरीं झाला. वडील अभियंते होते. आई मोरेव्हियन मंडळीची, भाविक आणि शिस्तीची. तिच्या शिकवणीचा ठसा मुलाच्या मनावर जन्मभर राहिला. शाळेंत मुलगा हुशार होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. थोरांच्या चरित्रांत बाळपणाच्या अद्भुत कथा घुसडण्याची चाल आम्हांस आवडत नाहीं. बर्नच्याच विद्यापीठांत वैद्यकीचा अभ्यास करून १८६५ सालीं ते परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि पुढें झुरिक, बर्लिन, लंडन व पॅरिस ह्या ठिकाणीं जाऊन त्यांनीं त्या काळच्या नामांकित शस्त्रवैद्यांचें काम आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. परत आल्यावर ते बर्न येथें प्रोफेसर ल्यूके ह्यांच्या हाताखालीं काम करूं लागले. १८७२ सालीं ल्यूके स्ट्रासबर्ग येथें गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती बाहेरच्या एखाद्या अनुभवी गृहस्थास द्यावी असें विद्यापीठांतील अध्यापकांचें मत होतें. विद्यार्थ्यांनीं मात्र कोखर ह्यांसाठीं खटपट केली, लोकमतहि त्यांच्याच बाजूनें वळलें, आणि सरकारनें अवघ्या तीस वर्षांच्या ह्या तरुणास प्रोफेसर नेमिलें. पुढें प्राग व इतर मोठ्या विद्यापीठांतून त्यांस बोलावणीं आलीं. तीं त्यांनीं नाकारलीं. प्रागच्या बोलावण्याचा उपयोग त्यांनीं एवढाच केला कीं, बर्नच्या सरकाराकडून आपल्या रोग्यांसाठीं इस्पितळांत अधिक चांगली सोय करून घेतली. पंचेचाळीस वर्षें, म्हणजे मरेपर्यंत, ते त्याच शहरीं काम करीत राहिले.

आतां गलगंडाची गोष्ट. गळ्याच्या पुढील भागीं, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेस बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथि असते. तिला थायरॉइड म्हणतात. ती फुगली म्हणजे गलगंड होतो. फार फुगली तर श्वासनलिका दाबली जाऊन मनुष्य गुदमरतो, म्हणून ती कापून काढण्याचा विचार वैद्यांच्या मनांत येणें साहजिक होतें. परंतु ह्या ग्रंथींत रक्त अतोनात खेळतें आणि तिच्या अगदीं पाठीशीं आवाजाची नाडी व मोठमोठ्या रक्तवाहिन्या असतात. त्यामुळें ही शस्त्रक्रिया म्हणजे मृत्यूस आमंत्रण असेंच पुष्कळांचें मत होतें. बिलरोट ह्यांच्यासारखे निष्णात शस्त्रवैद्यसुद्धां झुरिक येथें असतांना तीन रोग्यांपैकीं एकाहून अधिक दगावतात हें पाहून कित्येक वर्षें ती सोडून बसले होते.

कोखर ह्यांनीं ती हातीं घेतली. त्यांची रीति इतरांहून निराळी होती. त्या काळीं जो झटपट कापील तो मोठा शस्त्रवैद्य, अशी समजूत होती. कोखर मात्र अगदीं सावकाश काम करीत. प्रत्येक रक्तवाहिनी आधीं शोधावयाची, दोन्हीं बाजूंनीं धरावयाची, बांधावयाची आणि मगच कापावयाची. लिस्टर ह्यांनीं इंग्लंडांत व स्कॉटलंडांत जंतुनाशाची जी पद्धति सुरू केली होती ती त्यांनीं लवकरच उचलली. हात, हत्यारें, दोरा, सर्व कांहीं स्वच्छ पाहिजे ह्याविषयीं ते इतके काटेकोर असत कीं मदतनीसांस त्यांचा धाक वाटे. पुढें पुढें तर संपूर्ण गुंगी देण्याऐवजीं गळ्याचा तेवढाच भाग बधिर करून ते शस्त्रक्रिया करीत. १८८३ पर्यंत त्यांनीं १०१ रोग्यांवर ही शस्त्रक्रिया केली आणि त्यांतील सुमारें १३ दगावले. आज हा आंकडा मोठा वाटेल. त्या काळीं तो आश्चर्यकारक मानला गेला. ह्यांतील कित्येकांची ग्रंथि त्यांनीं समूळ काढिली होती, कारण थोडी ठेवली तर ती पुन्हा वाढेल अशी भीति होती. शिवाय ही ग्रंथि शरीरांत काय काम करिते हें कोणासच ठाऊक नव्हतें. कांहीं कामाची नसावी, असाच पुष्कळांचा समज होता.

१८७४ च्या जानेवारींत एका अकरा वर्षांच्या खेडवळ मुलीस त्यांच्याकडे आणलें. गलगंडामुळें तिला श्वास घेणें कठीण झालें होतें. कोखर ह्यांनीं ग्रंथि पूर्णपणें काढिली, जखम छान भरून आली, मुलगी घरीं गेली. एका शस्त्रवैद्यानें ह्याहून अधिक काय करावें? कांहीं काळानें तिकडच्या डॉक्टरानें कळविलें कीं, मुलगी पूर्वींसारखी राहिली नाहीं. चपळ व आनंदी होती ती सुस्त आणि मंद झाली आहे. परंतु मुलगी पुढें पुष्कळ वर्षें कोखर ह्यांच्या दृष्टीस पडली नाहीं. इकडे रोग्यांची रीघ लागली होती, शस्त्रक्रिया एकामागून एक यशस्वी होत होत्या, आणि त्या एका बातमीचा अर्थ त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

१८८२ च्या सप्टेंबरांत जिनीव्हा शहरीं एक परिषद भरली होती. तेथें त्याच शहरचे शस्त्रवैद्य रेव्हर्डिन ह्यांची व कोखर ह्यांची गांठ पडली. बोलतां बोलतां रेव्हर्डिन ह्यांनीं सांगितलें कीं, संपूर्ण ग्रंथि काढलेल्या आपल्या कांहीं रोग्यांत पुढें विचित्र फरक पडलेला दिसतो. अंगांत बळ राहत नाहीं, तोंड सुजतें, बुद्धि जड होते. कोखर ह्यांस आठ वर्षांपूर्वींची ती बातमी आठवली असेलच.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. एकेचाळीस वर्षांचा, कीर्तिमान, सरकारमान्य प्रोफेसर. रोगी परदेशांतून येऊं लागलेले. जखमा भरून रोगी आपापल्या गांवीं गेलेले आहेत. कोणी तक्रार केलेली नाहीं, कोणी त्यांस जाब विचारलेला नाहीं. गप्प बसावयास काय हरकत होती? त्यांनीं तसें केलें नाहीं. बर्नला परत आल्यावर त्यांनीं आपल्या जुन्या वह्या उघडल्या, ज्यांची ज्यांची ग्रंथि समूळ काढिली होती त्यांचे पत्ते शोधले, आणि एकेकास पत्र पाठवून पुन्हा भेटीस बोलाविलें.

अठरा जण आले. त्यांपैकीं सोळा जणांची स्थिति पाहून कोखर ह्यांच्या मनाचें काय झालें असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. हातपाय जड, चाल मंद, बोलणें अडखळतें. तोंड व पापण्या सुजलेल्या, कातडी कोरडी, केस विरळ झालेले. उन्हाळ्यांतसुद्धां थंडी वाजते असें म्हणणारीं माणसें. मुलांची वाढ तर जेथल्या तेथें थांबली होती. तीहि मुलगी आली. तिला एक धाकटी बहीण होती. लहानपणीं ह्या दोघी इतक्या सारख्या दिसत कीं, लोक एकीस दुसरी समजत. आतां धाकटी उंच, टवटवीत तरुणी झाली होती; थोरली वीस वर्षांची असूनहि लहान मुलाएवढी राहिली होती, आणि तिचा चेहरा डोंगरांतील क्रेटिनासारखा झाला होता. दोघींचें चित्र कोखर ह्यांनीं पुढें आपल्या निबंधांत छापलें. उरलेले दोन रोगी मात्र सुखरूप होते. परंतु त्या दोघांच्या गळ्यांत ग्रंथीचा कांहीं अंश राहून तो पुन्हा वाढला होता. म्हणजे जेथें शस्त्रक्रिया अपुरी झाली तेथें रोगी वांचला, आणि जेथें ती पूर्ण झाली तेथें तो बिघडला!

१८८३ च्या एप्रिलांत बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांची परिषद भरली. तेथें उभें राहून, आपल्या क्षेत्रांतील सर्व थोर मंडळींपुढें, कोखर ह्यांनीं हे आंकडे जसेच्या तसे मांडले. ग्रंथि समूळ काढणें हें रोग्यावर संकट आणणें होय, आणि साध्या गलगंडासाठीं अशी शस्त्रक्रिया आपण येथून पुढें करणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें. तेव्हांपासून ते ग्रंथीचा कांहीं भाग राखून ठेवूं लागले. त्याच वर्षीं, ग्रंथि गमावून आजारी पडलेल्या एका रोग्याच्या शरीरांत दुसऱ्याच्या थायरॉइडचा तुकडा बसवून त्यांनीं भरपाईचा प्रयत्नहि केला. तो फार काळ टिकला नाहीं. तथापि एका माणसाचें इंद्रिय दुसऱ्यास लावण्याच्या इतिहासांत ह्या प्रयत्नास आरंभींचें स्थान देतात.

चरित्रनायकाचा दोष झांकूं नये, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रोग्यांच्या ह्या स्थितीचें कोखर ह्यांनीं जें कारण दिलें तें चुकीचें होतें. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका अरुंद व मऊ होऊन शरीरास हवा कमी पडत असावी, असें त्यांस वाटलें होतें. खरा तर्क लंडनमधील डॉ. सीमन ह्यांनीं त्याच वर्षीं मांडला. थोर वयाच्या स्त्रियांस होणारी मिक्सिडिमा नांवाची सूज, डोंगरांतील क्रेटिनता आणि कोखर ह्यांच्या रोग्यांचा आजार, हीं तिन्हीं एकाच कारणाचीं फळें असून तें कारण म्हणजे थायरॉइडचा अभाव होय, असें ते म्हणाले. प्रथम त्यांची थट्टा झाली. लंडनच्या एका मंडळानें चौकशी समिति नेमिली, आणि १८८८ सालीं तिनें तेंच खरें ठरविलें. दुसरी गोष्ट रेव्हर्डिन ह्यांच्या बाबतींतली. मूळ सूचना त्यांची. परंतु कोखर ह्यांनीं तिचें श्रेय त्यांस मोकळ्या मनानें दिलें नाहीं, आणि त्यावरून दोघांत बराच वाद झाला. आपली चूक चारचौघांत कबूल करणाऱ्या मनुष्यास दुसऱ्याचें श्रेय कबूल करणें मात्र जड जावें, हें मनुष्यस्वभावाचें कोडेंच आहे.

ह्या प्रकरणांत आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. बिलरोट ह्यांनीं पुढें व्हिएन्ना येथें हीच शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली, तेव्हां त्यांच्या रोग्यांस अशी मंदता क्वचितच येई. त्यांस स्नायूंचे झटके मात्र येत. असें कां व्हावें? दोघांचेंहि काम प्रत्यक्ष पाहिलेले अमेरिकन शस्त्रवैद्य हॉल्स्टेड ह्यांनीं ह्याचा उलगडा असा केला आहे कीं, बिलरोट घाईनें कापीत, त्यामुळें थायरॉइडचा थोडा भाग मागें राही आणि तिच्या पाठीस चिकटलेल्या दुसऱ्या बारीक ग्रंथि मात्र तिच्याबरोबर निघून जात किंवा दुखावत. कोखर इतके सफाईनें काम करीत कीं, शेजारची एकहि वस्तु दुखावत नसे आणि थायरॉइडचा कणहि शिल्लक राहत नसे. म्हणजे त्या सोळा जणांचा घात झाला तो कौशल्याच्या अभावानें झाला नाहीं; कौशल्यानेंच झाला.

त्या दुर्दैवी रोग्यांमुळें जगास कळलें कीं, ही लहानशी ग्रंथि रक्तांत असा कांहीं रस सोडते कीं ज्यावांचून शरीर वाढत नाहीं आणि बुद्धि चालत नाहीं. अशा रसांस पुढें हॉर्मोन असें नांव पडलें. मराठींत संप्रेरक म्हणतात. मग उपाय सांपडण्यास वेळ लागला नाहीं. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. मरे ह्यांनीं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका छेचाळीस वर्षांच्या रोगी स्त्रीस टोंचला. कांहीं महिन्यांत ती हिंडूं-फिरूं लागली आणि पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. लवकरच हें औषध पोटांतून दिलें तरी चालतें असें आढळलें.

कोखर ह्यांचें उत्तर आयुष्य मानसन्मानाचें गेलें. त्यांचा शस्त्रक्रियेवरील ग्रंथ १८९२ सालीं निघाला आणि अनेक भाषांत गेला. बंदुकीच्या गोळीनें होणाऱ्या जखमा, निखळलेला खांदा, मेंदूवरील दाब, अशा नाना विषयांवर त्यांनीं प्रयोग केले. त्यांच्याकडे शिकण्यासाठीं देशोदेशींचे तरुण येत. मेंदूच्या शस्त्रक्रियेत पुढें अग्रगण्य झालेले अमेरिकन कुशिंग हे त्यांतलेच. सर्व आयुष्यांत त्यांनीं सुमारें ५,००० गलगंडांवर शस्त्रक्रिया केल्या आणि शेवटीं शेवटीं मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकाहूनहि खालीं आणलें. १९१३ सालीं रशियाचे क्रांतिकारक लेनिन आपल्या पत्नीच्या गलगंडासाठीं तिला घेऊन बर्न येथें आले होते. ती शस्त्रक्रियाहि कोखर ह्यांनींच केली. १९०९ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस थायरॉइडच्या कामाबद्दल मिळालें. हा मान मिळविणारे ते पहिले शस्त्रवैद्य. १९१२ सालीं त्यांनीं संशोधनासाठीं २,००,००० फ्रँक बर्नच्या विद्यापीठास दिले, आणि त्यांतून त्यांच्या नांवाची संस्था उभी राहिली.

१९१७ च्या जुलैंत, वयाच्या शहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, एके संध्याकाळीं त्यांस तांतडीच्या शस्त्रक्रियेसाठीं बोलावणें आलें. ते गेले, काम पुरें केलें, आणि त्यानंतर त्यांस बरें वाटेना. चार दिवसांनीं, २७ जुलै रोजीं, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मृत्यूनंतर पांचच वर्षांनीं, १९२२ सालीं, स्वित्झर्लंडांत गलगंडाच्या मुळावरच घाव घालण्यास प्रारंभ झाला. थायरॉइडचा रस तयार होण्यास आयोडीन लागतें. तें समुद्रांत विपुल असतें, परंतु डोंगराळ मुलुखांतील माती पावसानें व बर्फानें धुऊन निघालेली असल्यामुळें तेथील धान्यांत व पाण्यांत तें नसतें. ग्रंथि बिचारी अधिक रस काढण्याच्या धडपडींत फुगत जाते. म्हणून मिठांत अत्यंत अल्प आयोडीन मिसळून विकण्यास सुरुवात झाली आणि एका पिढींत शाळांतील गलगंड दिसेनासे झाले. आपल्या देशांतहि हिमालयाच्या पायथ्याशीं हाच रोग होता. तेथें कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच मिठाचा मोठा प्रयोग केला आणि १९६२ सालीं राष्ट्रीय योजना सुरू झाली. आपल्या स्वयंपाकघरांतील मिठाच्या पुडीवर हंसऱ्या सूर्याचें जें लहान चित्र असतें, तें ह्याच आयोडीनाचें चिन्ह होय.

रसाचेंहि रहस्य उलगडलें. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें केंडॉल ह्यांनीं थायरॉइडमधून त्याचे शुद्ध स्फटिक काढिले; त्यास थायरॉक्सिन म्हणतात. आज तें गोळीच्या रूपानें मिळतें. परंतु गोळी कोणास द्यावी आणि किती द्यावी, हें कसें ठरवावें? कोखर ह्यांजवळ डोळे, हात आणि जुन्या वह्या एवढींच साधनें होतीं. रोग डोळ्यांना दिसेपर्यंत वर्षें लोटत. रक्तांतील संप्रेरकें अगदीं बिनचूक मोजण्याची युक्ति न्यूयॉर्क येथील श्रीमती यॅलो व त्यांचे सहकारी बर्सन ह्यांनीं १९५९ च्या सुमारास काढिली, आणि त्याबद्दल यॅलोबाईंस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. बर्सन तत्पूर्वींच वारले होते.

थायरॉइडच्या तपासणींत टी.एस.एच. नांवाचा एक आंकडा असतो. तो काय हें पालकांस समजलें पाहिजे. मेंदूच्या तळाशीं पिट्यूटरी नांवाची ग्रंथि आहे. ती थायरॉइडला काम करावयास सांगणारें संप्रेरक पाठविते, तेंच हें. अंधाऱ्या रात्रीं बैलगाडी दिसत नाहीं, तरी गाडीवानाच्या हाका ऐकून बैल कसे चालले आहेत हें कळतें. बैल मंदावले कीं हाका वाढतात. बैल उधळले कीं गाडीवान गप्प बसतो. तसेंच टी.एस.एच. वाढलें म्हणजे बहुधा थायरॉइड मंदावलेली, आणि अगदीं कमी झालें म्हणजे बहुधा ती उधळलेली असते. मात्र गाडीवानच निजला असेल तर हांकांवरून कांहीं कळणार नाहीं. म्हणून डॉक्टर थायरॉक्सिनहि मोजून पाहतात. गोळीचें प्रमाण बदललें म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनीं रक्त पुन्हा तपासतात. बरें वाटूं लागलें म्हणून आपल्याच मतानें गोळी सोडणारे आणि अंग उतरावें म्हणून शेजारणीची गोळी घेणारे, असे दोन्हीं प्रकारचे शहाणे आम्हीं पाहिले आहेत!

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचीहि अशीच तपासणी होते. त्या निकामी झाल्या म्हणजे मनुष्य क्षीण होतो, कातडी काळवंडते आणि रक्ताचा दाब उतरतो, हें लंडनच्या डॉ. ॲडिसन ह्यांनीं १८५५ सालींच लिहून ठेविलें होतें. त्यांचा मुख्य रस कॉर्टिसॉल. तो पहांटेनंतर सर्वांत अधिक असतो, म्हणून रक्त सकाळीं घेतात. आणि शंका राहिली तर ह्या ग्रंथींस चेतविणारें औषध टोंचून अर्ध्या व एका तासानें रस वाढतो कीं नाहीं हें पाहतात. ज्या रोग्याच्या दोन्हीं ग्रंथि, थायरॉइड आणि अधिवृक्क, मंदावल्या असतील, त्यास आधीं अधिवृक्काचें औषध द्यावें लागतें. तें न देतां एकटें थायरॉक्सिन दिल्यास जिवावर बेततें. नुसत्या थकव्यावरून कोणतीहि गोळी सुरू करूं नये, ती एवढ्यासाठीं.

आतां आमचें खासगी कारण. वीस वर्षांपूर्वीं, आम्ही नवशिके शिक्षक असतां, एका शाळेंत सातवीच्या वर्गांत एक मुलगी होती. वर्गांत सर्वांत ठेंगणी. श्रुतलेखन सांगावें तर इतर मुलांचीं दहा वाक्यें होत तों तिचीं चार होत. उन्हाळ्यांत खिडक्या उघडल्या कीं ती अंगाभोंवतीं ओढणी गुंडाळून बसे. आम्हीं तिला आळशी ठरविलें. आठवड्यांतून दोनदां तरी ती आमच्या सांगण्यावरून बांकावर उभी राहत असे, आणि ती मुकाट्यानें उभी राहते ह्याचासुद्धां आम्हांस राग येई. तिच्या आईनें एकदां भीत भीत येऊन सांगितलें कीं, सर, पोरगी दोन वर्षांपूर्वीं अशी नव्हती. आम्हीं त्या माउलीस अभ्यासाविषयीं चार शब्द सुनावून परत पाठविलें. पुढें शाळेच्या वैद्यकीय तपासणीस आलेल्या डॉक्टरीणबाईंनीं मुलीच्या गळ्यावरून हात फिरविला, तिचे कोरडे हात पाहिले आणि रक्त तपासावयास लिहून दिलें. टी.एस.एच. कित्येक पटींनीं वाढलेलें निघालें. सहा महिन्यांनीं ती श्रुतलेखनांत वर्गाबरोबर होती, आणि वर्षाअखेरीस तिचा जुना परकर घोट्यांच्या वर गेला होता.

आम्हीं तिची क्षमा मागितली. कोखर ह्यांचें चरित्र आमच्या वाचनांत आलें तें त्यानंतर, आणि त्या गांवच्या डॉक्टराच्या पत्राजवळ आम्ही आलों तेव्हां ती आई आम्हांस दारांत उभी दिसली.

गेल्या मे महिन्यांत ती आपल्या तान्ह्या मुलीस घेऊन आमच्या घरीं आली होती. गरोदरपणांत गोळीचें प्रमाण वाढवावें लागलें, असें ती म्हणाली. मुलगी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीं तिच्या टांचेंतून कांहीं थेंब रक्त घेऊन जाड कागदावर टिपलें होतें. जन्मतःच थायरॉइड मंद असेल तर पहिल्या पंधरवड्यांतच औषध सुरू करून बुद्धि वांचवितां येते. आपल्या देशांत ही तपासणी अद्याप सर्वत्र होत नाहीं, तिनें मात्र ती आपण होऊन मागून घेतली होती. उत्तर चांगलें आलें होतें. मूल आमच्या पत्नीच्या मांडीवर हातपाय झाडीत होतें आणि आमच्या चष्म्यास हात घालूं पाहत होतें.